देण्याची ऐपत

नाताळ जवळ आला की ब्रिटनमधल्या गावोगावच्या वृत्तपत्रांत एका प्रकारची बातमी हमखास दिसते. दोन-तीन पिढ्या एकाच घराण्याकडे असलेली एखादी कंपनी, कुठे बेकरी, कुठे छापखाना, कुठे इमारती लाकडाची वखार, यंदा ग्राहकांना शुभेच्छापत्रे पाठवत नाही. तो खर्च गावातल्या संस्थांना देते. फूड बँकेला डबाबंद अन्नाची खोकी जातात, रुग्णालयातल्या मुलांना खेळणी जातात, बेघरांच्या रात्रनिवाऱ्याला धनादेश जातो. मालक आणि कामगार शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात.

अशा देणगीकडे जाहिरातीची युक्ती म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. घरच्या माणसांनी चालवलेली कंपनी आणि तिचे गाव यांची जी ओळख असते, ती दूरदेशीच्या भागधारकांच्या कंपनीला सहसा लाभत नाही. मालकाची मुले गावातल्याच शाळेत जातात. रात्रनिवाऱ्याचा व्यवस्थापक दुकानात गिऱ्हाईक म्हणून येतो. कंपनीतल्या एखाद्या जुन्या कामगाराचे अखेरचे दिवस गावच्याच शुश्रूषागृहात गेलेले असतात. कुठे काय कमी पडते आहे हे या लोकांना अहवाल न वाचता ठाऊक असते, आणि दिलेले पोचले की नाही हेही कानावर येते. या जवळिकीचे मोल मोठे आहे.

प्रश्न एवढाच, की ज्या गावात कंपनी वाढली त्या गावाचे देणे नाताळच्या देणगीने फिटते का? या प्रश्नाला एका घराण्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जे उत्तर दिले, त्याहून नेटके उत्तर माझ्या वाचनात नाही. ते घराणे इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या राउंट्रींचे.

राउंट्री हे क्वेकर पंथाचे. परमेश्वराच्या दृष्टीने सगळे दिवस सारखेच पवित्र, म्हणून कोणताही एक दिवस वेगळा मानायचा नाही, अशी या पंथाची जुनी शिकवण. जुन्या काळचे क्वेकर नाताळ पाळत नसत. त्या दिवशी आपली दुकानेही उघडी ठेवत. अशा घराण्याच्या हाती कोको आणि चॉकलेटचा धंदा आला, आणि नाताळ हा तर मिठाईच्या विक्रीचा हंगाम. हेन्री आयझॅक राउंट्री यांनी १८६२ मध्ये यॉर्कमधल्या ट्यूक घराण्याकडून कोकोचा व्यवसाय घेतला. तो डळमळू लागला तेव्हा १८६९ मध्ये त्यांचे थोरले भाऊ जोसेफ मदतीला आले. जोसेफ यांच्या हाताखाली मूठभर कामगारांचा कारखाना हजारोंचा झाला. १८९६ मध्ये तिथे आठ तासांचा दिवस आला. १९०६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू झाली. ब्रिटिश सरकारचा वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी झाला.

डिसेंबर १९०४ मध्ये जोसेफ राउंट्री यांनी आपल्या संपत्तीतला जवळजवळ अर्धा भाग तीन विश्वस्त निधींच्या स्वाधीन केला आणि २९ डिसेंबरला विश्वस्तांसाठी एक टिपण लिहिले. दात्याने दात्यांसाठी लिहिलेला इतका परखड मजकूर विरळा. यॉर्कच्या मोफत सूप वाटणाऱ्या केंद्राला पैसा कधी कमी पडत नाही, पण गरिबी किती आहे आणि ती कशामुळे आहे याचा शोध घ्यायला कुणी पैसे देत नाही, असा त्याचा आशय. लोकांच्या दानधर्माचा बराचसा पैसा दुखण्याच्या वरवरच्या लक्षणांवर खर्च होतो; आपला पैसा मुळाशी जाऊन खर्च व्हावा, असे त्यांनी विश्वस्तांना बजावले. तीनपैकी दोन निधी पस्तीस वर्षांत संपावेत अशीही त्यांची अपेक्षा होती. एका पिढीने पुढच्या पिढ्यांच्या गरजा आधीच ठरवून ठेवू नयेत, ही त्यामागची समज.

मूळ शोधण्याचे काम त्यांच्या मुलाने आधीच हाती घेतले होते. सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्कमधल्या कामगारवर्गाची घरोघर पाहणी केली. ११,५६० कुटुंबे, ४६,७५४ माणसे. १९०१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. शहराच्या लोकसंख्येपैकी २७.८४ टक्के लोक गरिबीत होते. नवरा, बायको आणि तीन मुले एवढ्या कुटुंबाला नुसते शरीर धरून राहण्यासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा हिशेब त्यांनी मांडला. तेवढेही ज्यांना मिळत नव्हते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या दारिद्र्याचे कारण एकच निघाले: घरातला कर्ता रोज कामावर जात होता, पण त्याची मजुरीच अपुरी होती. आळस, दारू, उधळपट्टी ही सुखवस्तू लोकांच्या तोंडी असलेली कारणे या आकड्यापुढे टिकली नाहीत.

त्या २१ शिलिंग ८ पेन्सांत काय बसत नाही, हेही सीबोम यांनी लिहून ठेवले. या रकमेत जगणाऱ्या कुटुंबाने रेल्वेच्या तिकिटावर किंवा वर्तमानपत्रावर पैसा खर्च करायचा नाही. चर्चला वर्गणी द्यायची नाही. शेजाऱ्याला पैशाची मदत करायची नाही. मुलांना बाहुली, गोट्या, गोळ्या-मिठाई घेऊन द्यायची नाही. मिठाईच्या कारखानदाराच्या मुलाने, आपल्याच शहरातल्या मजुरांच्या मुलांना मिठाई मिळू शकत नाही, असे आकडेमोड करून जगाला सांगितले.

या यादीत अन्नवस्त्राच्या टंचाईइतकीच गंभीर एक गोष्ट आहे. गरीब माणसाला देता येत नाही. त्याच्याकडे माया असते, शेजाऱ्याची अडचण त्याला दिसत असते, सणाला मुलीच्या हातावर काही ठेवावे असे त्याला वाटत असते. पण कमाईत ते बसत नाही. गरिबी माणसाच्या तोंडचा घास काढते, तशी त्याची देण्याची ऐपतही काढून घेते. मग सणाच्या दिवशी गावात दोन रांगा होतात, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची, आणि घेणाऱ्यांच्या रांगेतला बाप आपल्या मुलांसमोर परक्याच्या हातून त्यांचे खेळणे स्वीकारतो. खेळणे मुलापर्यंत पोचते याचा आनंद खराच आहे. त्या बापाचे काय, हेही दात्याने स्वतःला विचारायला हवे.

म्हणून माझे म्हणणे असे, की घराण्याच्या कंपनीने आपल्या गावाला नाताळात द्यायची सर्वांत मोठी भेट म्हणजे गावातली जास्तीत जास्त माणसे स्वतः भेट देऊ शकतील अशी परिस्थिती. ती निर्माण होते पुरेशा पगारातून आणि वेळेवर चुकत्या केलेल्या बिलांतून. कामाचे तास ठरलेले असण्यातून आणि आजारपणात नोकरी न जाण्याच्या खात्रीतूनही. सीबोम राउंट्री यांनी हा धागा सोडला नाही. १९१८ मध्ये त्यांनी माणसाला जगायला काय लागते याचा हिशेब पुन्हा मांडून किमान वेतनाची बाजू घेतली. पुढे जोसेफ यांनी मागे ठेवलेल्या पैशातून उभ्या राहिलेल्या जोसेफ राउंट्री फाउंडेशनने २००८ पासून समाजमान्य जीवनमानाला किती उत्पन्न लागते याचा अभ्यास प्रसिद्ध करायला सुरुवात केली. सर्वसामान्य लोकांना एकत्र बसवून, त्यांच्या चर्चेतून ही यादी ठरते. लोकांनी त्या यादीत वाढदिवसाच्या आणि नाताळच्या भेटवस्तूंचा खर्च धरला. १९०१ च्या हिशेबात जे बसत नव्हते, ते शंभर वर्षांनंतर त्याच घराण्याच्या पैशातून झालेल्या अभ्यासात माणसाची गरज म्हणून नोंदले गेले. ब्रिटनमध्ये काही कंपन्या स्वेच्छेने जे निर्वाह-वेतन देतात, त्याची रक्कम ठरवताना हाच अभ्यास आधाराला घेतात.

हा इतिहास सांगताना त्याची काळी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. यॉर्कमधल्या कामगारांची एवढी काळजी वाहिली जात असताना इंग्लंडमधल्या मोठ्या क्वेकर चॉकलेट कंपन्यांना लागणाऱ्या कोकोचा काही भाग पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवरून येत होता. तिथे अंगोलातून जबरदस्तीने आणलेले लोक मळ्यांवर राबत होते. कागदोपत्री करार असला तरी ती गुलामीच होती. या कंपन्यांपैकी कॅडबरींच्या कानावर ही गोष्ट १९०१ मध्ये आली. पुढे चौकशीसाठी माणूस पाठवला गेला. कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री यांनी तिथला कोको घेणे थांबवले ते १९०९ मध्ये. २०२१ मध्ये राउंट्रींच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी आपल्या संपत्तीच्या मुळाशी असलेल्या वसाहतवादी शोषणाची जाहीर कबुली दिली. जवळिकीतून आलेल्या चांगुलपणाची मर्यादा इथे दिसते. डोळ्यांसमोरचे दुःख माणसाला हलवते. मालाच्या पोत्यामागचे, समुद्रापलीकडचे दुःख डोळ्यांसमोर येतच नाही. स्थानिक संस्थांना मदत करणाऱ्या प्रत्येक कंपनीने म्हणून दोन दिशांना पाहिले पाहिजे: आपल्या दारातल्या माणसाकडे, आणि आपला कच्चा माल जिथून येतो तिथल्या माणसाकडेही.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. गरिबी मोजण्याचा जो रस्ता सीबोम राउंट्री यांनी रुळवला, त्यावरून पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ चालले. माणशी रोज २२५० उष्मांक हा आधार धरून त्यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब १९७१ मध्ये मांडला, आणि देशातली गरिबीची चर्चा त्यानंतर अनेक वर्षे उष्मांकांभोवती फिरत राहिली. उष्मांक मोजणे आवश्यकच होते. पण भाऊबिजेला बहिणीच्या ताटात ओवाळणी घालता आली नाही म्हणून तिच्या घरी जायचे टाळणारा भाऊ आपल्याकडे गावोगाव आहे. त्याची उणीव उष्मांकांच्या तक्त्यात दिसत नाही.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने देणगीचे बंधन घातले. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ सांगते. एखाददुसरा कार्यक्रम, पुरस्कार किंवा एकवार दिलेली देणगी या खर्चात धरली जाणार नाही, असा खुलासा सरकारने २०१४ मध्ये केला. केवळ आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्चही त्यात मोजत नाहीत. हे योग्य आहे, कारण कामगाराला पुरेसे देणे हे दान होऊच शकत नाही. मात्र या नियमाचा एक परिणाम असा, की दोन टक्क्यांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कंपनीला कंत्राटी सफाई कामगाराच्या पगाराबद्दल त्या अहवालात कुणी प्रश्न विचारत नाही. आणि घराण्यांनी चालवलेले बहुतेक छोटे उद्योग तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. ते जे देतात ते स्वखुशीने देतात. म्हणून त्यांना कायद्याने नाही, समजावून पटवावे लागेल.

छोट्या उद्योगाला मजुरी वाढवणे परवडत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि काही ठिकाणी तो खरा आहे. बाजारभाव, उधारी, व्याज यांच्या कात्रीत सापडलेल्या मालकाला उपदेश करणे सोपे असते. पण ज्याला दिवाळीच्या किंवा नाताळच्या देणगीसाठी रक्कम बाजूला काढता येते, त्याच्याकडे थोडी सवड आहे असाच त्याचा अर्थ. त्या सवडीचा पहिला वाटा आपल्याकडे सर्वांत कमी पगारावर काम करणाऱ्या माणसाला जावा. दुसरा वाटा संस्थांना जावा, आणि तो असा जावा की संस्थेला त्याचा आधार वाटेल. संस्थांना वस्तू मिळतात, खाटा मिळतात, नावाची पाटी लावता येईल अशी खोली मिळते. वीजबिलाला, भाड्याला आणि परिचारिकेच्या पगाराला पैसे मिळत नाहीत. जोसेफ राउंट्री यांची १९०४ मधली तक्रार आजही तशीच लागू आहे.

तेव्हा माझी विनंती वसईत, गोव्यात किंवा पुण्यात नाताळला, आणि इतरत्र दिवाळीला, आपल्या गावातल्या संस्थांना मदत करणाऱ्या प्रत्येक उद्योजक घराण्याला आहे. देणे थांबवू नका. एका सणाच्या रकमेऐवजी तीन वर्षांचा शब्द द्या आणि तो लेखी द्या. पैसा कशावर खर्चायचा हे संस्थेला ठरवू द्या. तिच्या कार्यकर्त्यांचा पगार त्यातून निघाला तर त्यात कमीपणा मानू नका. वर्षातून एकदा आपल्या कच्च्या मालाच्या मुळापर्यंत जाऊन तिथली माणसे कशी जगतात ते पाहा. आणि धनादेशावर सही करण्याआधी आपल्याच पगारपत्रकातली सर्वांत खालची ओळ वाचा. त्या पगारात माणूस सणाला आपल्या मुलासाठी खेळणे आणि शेजाऱ्यासाठी फराळाचा डबा घेऊ शकतो का, हे तपासा. उत्तर नाही असे आले, तर पहिली देणगी तिथे द्यायची आहे.