प्राणायाम आणि संकल्प

मन क्षुब्ध झाले की श्वास विषम होतो, हा अनुभव सर्वांचा आहे. श्वास संथ केला असता मनही काही काळ शांत होते, हा अनुभवही आता पुष्कळांना येऊ लागला आहे. परंतु या दोन अनुभवांतून जो तिसरा प्रश्न उत्पन्न होतो, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अशांतीचे कारण होते तसेच ठेवून केवळ श्वासाच्या बळावर मिळविलेली शांती गृहस्थास खरोखर हितकर आहे काय, हा तो प्रश्न होय.

बंगळूरमधील शिवाजीनगर हा भाग इंग्रजांच्या छावणीबरोबर वाढला. पूर्वी तो ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जात असे. ज्या शहराची जहागीर १६३८ नंतर शहाजीराजांकडे आली, त्या शहरातील एका वस्तीस त्यांच्या पुत्राचे नाव असावे, हे मराठी मनाला सुखावणारे आहे. १९२७ मध्ये बांधलेले रसेल मार्केट, गजबजलेले बसस्थानक, दुकानांच्या दाट रांगा आणि वाहनांचा अखंड घोष, असे या वस्तीचे रूप आहे. येथे दिवसभर व्यवहार करणारा मनुष्य सायंकाळी शिणून घरी परततो, यात नवल नाही. अशा शहरांत ताण हलका करण्यासाठी श्वसनाचे वर्ग भरतात. मार्गदर्शक सांगतो, त्याप्रमाणे मंडळी डोळे मिटून बसतात. अमुक अंकांपर्यंत श्वास घेतात, त्याहून अधिक काळ सोडतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने बरेच जण हलक्या मनाने उठतात.

या अनुभवास भ्रम म्हणून हसणे योग्य नव्हे. उच्छ्वासाच्या वेळी हृदयावरील व्हेगस नाडीचा प्रभाव वाढतो व हृदयाची गती मंदावते. म्हणून दीर्घ आणि संथ उच्छ्वासाने शरीरास विसावा मिळतो. इटलीतील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ख्रिस्ती जपमाळेतील प्रार्थना लॅटिनमध्ये म्हटली काय किंवा बौद्धांचा मंत्र जपला काय, श्वास मिनिटास सुमारे ६ इतका संथ होतो. शिवाजीनगरातील सेंट मेरी बॅसिलिकेत माळ ओढणारी वृद्धा आणि देवघरात जप करणारी आजी यांच्या उपासना भिन्न असतील. शरीराचा नियम मात्र दोघींना एकच लागू आहे.

बंगळूरच्याच निम्हान्स या संस्थेत, खिन्नतेच्या विकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या ४५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात १५ जणांना सुदर्शन क्रिया ही श्वसनपद्धती दिली होती. चार आठवड्यांच्या अखेरीस विजेच्या उपचाराचा गुण सर्वांत अधिक दिसला. परंतु श्वसन करणाऱ्यांना आलेला गुण औषध घेणाऱ्यांच्या बरोबरीचा होता. अभ्यास लहान आहे, त्यावरून औषध सोडून देण्याचा उपदेश कोणी करू नये. तथापि श्वासाचे सामर्थ्य त्यावरून ध्यानी येते. महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची परीक्षा प्रयोगशाळेत करण्याचा जो प्रघात पाडला, त्याच मार्गाचे हे पुढील पाऊल होय.

येथपर्यंत वाद नाही. आता शास्त्राकडे वळावे. ताण हा शब्द ‘तन्’ म्हणजे ओढणे, पसरणे या धातूच्या कुळातला आहे, आणि प्राणायामातील ‘आयाम’ या शब्दाचाही अर्थ लांबविणे असाच आहे. दोन्ही ठिकाणी ओढच आहे. भेद इतकाच की, एका ठिकाणी मनुष्य परिस्थितीकडून ओढला जातो, आणि दुसऱ्या ठिकाणी तो स्वतः प्राणाला लांबवितो. पतंजलींनी पहिल्या पादात चित्तविक्षेपाचे सोबती सांगताना दुःख, मनाची खिन्नता व अंगाचा कंप यांबरोबर अनावर श्वासप्रश्वासही गणला आहे. पुढे चित्तप्रसादाचा एक उपाय म्हणून त्यांनी श्वास बाहेर टाकणे व आवरणे सांगितले. परंतु त्याच्या लगेच आधी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या. इतरांशी असलेला व्यवहार आधी आला, श्वास नंतर आला. हा क्रम विचार करण्यासारखा आहे.

गीतेतील प्रसंग तर याहून स्पष्ट आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःची अवस्था सांगतो : गात्रे शिथिल झाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, शरीर कापत आहे, त्वचेचा दाह होत आहे, हातातून धनुष्य गळत आहे, मन भ्रमत आहे. आजचा वैद्य हीच लक्षणे तीव्र ताणाची म्हणून लिहून घेईल. अशा वेळी भगवंतांना ‘क्षणभर डोळे मीट आणि श्वास सावर’ असे सांगणे कठीण नव्हते. तसे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी अर्जुनाच्या शोकाचे मूळ शोधले आणि मोहाचा निरास केला. श्वासाचा विषय पुढे चौथ्या व पाचव्या अध्यायांत येतो. चौथ्यात तो यज्ञांच्या मालिकेत येतो. तेथे प्राण आणि अपान यांचे परस्परांत हवन आहे, म्हणजे श्वास हे अर्पण आहे. पाचव्यात प्राणापान सम करणाऱ्या मुनीचे वर्णन येते आणि अध्याय संपतो तो भगवंत सर्व भूतांचा सुहृद आहे या ज्ञानापाशी. शांती तेथेच सांगितली आहे.

यावरून प्रश्नाचे उत्तर शोधता येईल. तीन गृहस्थाश्रमी माणसे कल्पावीत. एका व्यापाऱ्याने धाकट्या भावाचा वाटा दाबून ठेवला आहे. त्याला रात्री झोप येत नाही. दुसऱ्या घरातील सून अंथरुणास खिळलेल्या सासूची दोन वर्षे सेवा करून थकली आहे. तिलाही झोप येत नाही. तिसरा एका कार्यालयातील कर्मचारी; दोघांचे काम एकट्यावर पडल्यामुळे तो रात्री जागा असतो. तिघेही एकाच वर्गात बसले तर तिघांनाही सारखाच विसावा मिळेल. कारण श्वास कोणाचा हिशेब विचारीत नाही.

पण तिघांची अशांती एक नव्हे. सुनेचा ताण कर्तव्याच्या शिणाचा आहे. तिला मिळालेला विसावा हा प्रसादच होय, आणि घरातील इतरांनी तिचा भार वाटून घेतला तर तो टिकेल. कर्मचाऱ्याचा ताण दुसऱ्याच्या अन्यायाने आला आहे. तेथे मालकाने माणूस वाढविण्याऐवजी श्वसनाचा वर्ग भरविला, तर आपला दोष त्याने दुबळ्याच्या फुप्फुसांवर घातला असे होईल. आणि व्यापाऱ्याचा ताण म्हणजे अंतःकरणात बसलेल्या साक्षीची हाक आहे. ती हाक श्वासाच्या लयीत निजवून तो सकाळी ताजेतवाने होऊन पुन्हा तोच अन्याय करू लागला, तर त्या शांतीने त्याचे हित केले की अहित, हे सुज्ञांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, बुडत्याला आधी बाहेर काढावे, उपदेश नंतर करावा. हे अगदी योग्य आहे. ज्वर फार चढला असता वैद्य आधी तो उतरवितो. परंतु ज्वर उतरला म्हणून तो निदान सोडून देत नाही. मनुष्याने आज रात्री श्वासाच्या साह्याने अवश्य झोपावे. प्रश्न उद्या सकाळचा आहे.

या सकाळची व्यवस्था आपल्या परंपरेने फार पूर्वीच लावून ठेवली आहे. संध्या असो वा पूजा, क्रम ठरलेला आहे : आचमन, मग प्राणायाम, मग देशकालाचा उच्चार आणि संकल्प. प्राणायाम हा कर्माचा शेवट नसून आरंभ आहे. श्वास स्थिर झाला की मनुष्याने आपण कोठे आहोत, कोणत्या काळी आहोत, हे स्मरावे आणि आता काय करणार ते स्पष्ट शब्दांत बोलावे, अशी ही योजना आहे. जेथे आजचा वर्ग संपतो, तेथे गृहस्थाच्या नित्यकर्माचा प्रारंभ होतो. व्यापारी त्या क्षणी भावाचा वाटा देण्याचा संकल्प करील, तर तोच वर्ग त्याला यज्ञशाळा होईल. गीतेच्या बाराव्या अध्यायात शांती त्यागाच्या मागोमाग येते असे सांगितले आहे, त्याचे मर्म हेच.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. हठप्रदीपिकेने प्राणाला वश करणे हे सिंह, हत्ती व वाघ यांना माणसाळविण्यासारखे हळूहळू करण्याचे काम मानले आहे. वेगाने पुष्कळ श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून बोटांना मुंग्या येतात व भोवळ येते. त्यास दिव्य अनुभव समजू नये. हृदयविकार, अपस्मार किंवा मनाचा तीव्र विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून असे प्रयोग करू नयेत.

बाकीच्यांनी वर्गास खुशाल जावे, अथवा घरीच आसनावर बसावे. मात्र श्वास शांत झाल्यावर लगेच उठू नये. त्या निवांतपणात स्वतःला एवढेच विचारावे की, या ताणाच्या मुळाशी कोणाचे देणे राहिले आहे काय, आणि ते आज फेडता येईल काय? देणे नसेल तर भगवंताचे स्मरण करून विसावा घ्यावा. असेल तर त्याचा संकल्प करून उठावे. श्वासाची शांती काही घटकांची असते. फेडलेल्या ऋणाची शांती मनुष्याच्या सोबत राहते.