विश्रांति कोणाची?

एका खेड्यांतील मंडळीचे वृद्ध उपदेशक काम सोडून आतां घरीं असतात. त्यांचे चिरंजीव पुण्यास चांगल्या पगाराच्या नोकरीवर आहेत. त्यांनीं आईबापांस एक महिना देश दाखविण्याचा बेत केला आहे. भाड्याच्या मोटारीनें प्रथम हंपीचीं जुनीं राउळें, मग म्हैसूर, तेथून निलगिरीवर उटी, पुढें केरळांत आलेप्पीस पूर्वीं भात वाहणाऱ्या, काथ्याच्या दोरीनें फळ्या बांधून केलेल्या नावांसारख्या नौकेंत दोन रात्री, आणि परततांना गोवें. घाई मुळींच नाहीं. प्रत्येक ठिकाणीं चार-पांच दिवस मुक्काम, आणि उतरावयाचें तें उत्तमांतल्या उत्तम हॉटेलांत. वडिलांनीं मात्र साफ सांगितलें, “मी येत नाहीं. ह्या पैशांत मंदिराचें गळकें छप्पर नवें होईल.” ख्रिस्ती मनुष्यानें अशी चैन करावी काय, असें पितापुत्र दोघांनींही आम्हांस विचारिलें आहे. प्रश्न पुष्कळांच्या उपयोगाचा आहे म्हणून उत्तर येथें देतों.

आमचें पहिलें बोलणें वडिलांस रुचणार नाहीं. बेथानींत एका स्त्रीनें तीनशें रुप्यांहून अधिक मोलाचें सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतिलें, तेव्हां तेथें बसलेल्या कित्येकांनीं हाच हिशेब मांडिला होता. एक रुपा म्हणजे त्या काळीं मजुराची दिवसाची मजुरी. तेव्हां ती सुमारें वर्षभराची कमाई होती. गरिबांस किती देतां आलें असतें, असें ते कुरकुरले, आणि प्रभूनें त्या स्त्रीचा पक्ष घेतला. शिवाय शिष्य कामानें थकून आले व त्यांस जेवावयासही सवड मिळेना, तेव्हां त्यानेंच त्यांस एकांतीं विसावा घेण्यास सांगितलें, असें मार्क लिहितो. ज्या मनुष्यानें सगळी उमर पाड्यांपाड्यांतून पायीं उपदेश करीत घालविली, त्यानें एकदां निलगिरीचें धुकें पाहिलें तर त्यांत पाप कोठें आहे? (आम्हां मिशनवाल्यांस दुसऱ्याच्या आनंदाचा वास लवकर येतो, हेंही येथें कबूल करावें.)

प्रवासाचा धंदाही मुळांत जगिकांचा नव्हे. इंग्लंडांत थॉमस कुक नांवाचा एक बाप्तिस्त उपदेशक सुतारकामावर पोट भरीत असे. मजुरांनीं दारूच्या गुत्त्याऐवजीं मोकळ्या हवेंत दिवस घालवावा म्हणून त्यानें 5 जुलै 1841 रोजीं सुमारें 500 माणसें आगगाडीनें लेस्टरहून लफबरोस मद्यपाननिषेधाच्या सभेस नेलीं. दर माणशीं भाडें एक शिलिंग. पुढें 1872 सालीं तोच पृथ्वीप्रदक्षिणेस माणसें घेऊन निघाला. त्याच्या मुलाच्या हातीं नाईल नदीवरील आगबोटी आल्या व गिऱ्हाइकांत राजेरजवाडे आले. ती पेढी 2019 सालीं बुडाली. आम्हांस तिचें बुडणें नव्हे, तर प्रारंभ आठवतो. त्या पहिल्या गाडींत ज्यास विश्रांति हवी होती तोच, म्हणजे राबणारा मनुष्य, बसला होता.

आतां चिरंजिवांशीं बोलतों. त्यांनीं आम्हांस बेताचा कागद दाखविला. त्यांत खोल्या, जेवण, कोणत्या खिडकींतून डोंगर दिसेल, सर्व कांहीं लिहिलें आहे. मोटार हांकणाऱ्याविषयीं एकच ओळ: “गाडी व चालक, दररोज.” तीस दिवस, दररोज! तो रात्रीं कोठें निजेल, हें लिहिलेलें नाहीं. अशा प्रवासांत चालक पुष्कळदां गाडींतच निजतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

शब्बाथाच्या आज्ञेंत धन्याचें नांव एकट्याचें नाहीं. पुत्र, कन्या, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आंत असलेला उपरी, इतक्यांची तेथें मोजणी आहे; आणि अनुवादांत तर कारणही दिलें आहे, कीं दासदासींस धन्यासारखाच विसावा मिळावा. इस्राएल स्वतः मिसरांत दास होता, ही आठवण त्याच ठिकाणीं दिली आहे. चालक आपल्या मंडळीचा नसेल, पण उपरी शब्दाबाहेर तो कसा राहील?

ही गोष्ट दूरची वाटत असेल त्यांनीं आपल्या माथेरानाकडे पहावें. तेथें वर मोटारी नेऊं देत नाहींत, आणि तें चांगलेंच आहे. नेरळाहून लहान आगगाडी 1907 पासून आहे. परंतु थंड हवा खावयास आलेल्यांस तांबड्या मातीच्या चढणीवर हातरिक्षांत बसवून माणसें वर्षानुवर्षें ओढीत आलीं. ऑगस्ट 2025 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती चाल सहा महिन्यांत बंद करण्याची आज्ञा केली. न्यायालयास सांगावें लागलें. त्या रिक्षांत बसणाऱ्यांपैकीं पुष्कळांस ही आज्ञा तोंडपाठ असेल, आणि त्यांत आम्हीही एकदां होतों. ओढणाऱ्याचा घाम पाठीवरून ओघळतांना दिसत होता, आणि आम्ही झाडें पहात होतों.

कोणी म्हणेल, त्यास मजुरी मिळते, तीच पुरे. मजुरी बुडविणें हें निराळें पाप आहे व त्याविषयीं याकोबानें लिहिलें आहे. मजुरी देऊनही मनुष्याचा विसावा हिरावून घेतां येतो, इतकेंच येथें म्हणणें आहे.

हें सर्व आम्हीं त्या चिरंजिवांस लिहिलें. त्यांनीं हॉटेलें थोडीं साधीं केलीं, चालकासाठीं सर्वत्र निजावयास खोली घेतली, आणि आठवड्यांतून एक दिवस गाडी उभी ठेवण्याचें ठरविलें. कोणता दिवस कोठें हवा, असें चालकास विचारिलें तेव्हां त्यानें म्हैसूर सांगितलें. तेथें त्याची थोरली बहीण दिलेली आहे. म्हणून तेथील मुक्काम एका दिवसानें वाढला. वडील निघण्यास तयार झाले आहेत. छप्पराविषयीं मात्र ते अजून बोलतात, आणि ते पैसे कोठून आणावयाचे हें आतां चिरंजिवांसच ठरवावयाचें आहे.