स्मृतीची शीव

यंत्रास स्मृति असते असें म्हणणें हा भाषेचा सैलपणा आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि तो पत्करूनच येथें चार शब्द लिहितों.

इ. स. १९८२ सालीं अमेरिकेंत 'कमोडोर ६४' हा घरगुती संगणक निघाला. नांवांतील ६४ हा आंकडा त्याच्या स्मृतीचा. ६४ किलोबाइट म्हणजे ६५,५३६ बाइट. परंतु यंत्र सुरू करतांच निळ्या पडद्यावर उमटे तें असें, कीं बेसिक भाषेसाठीं ३८,९११ बाइट मोकळे आहेत. विक्रेत्याच्या आंकड्याहून यंत्राचा आंकडा लहान! हा कबुलीजबाब आम्हांस आवडतो. पण यंत्र तो देतें कसा?

आरंभीं तें स्मृतीच्या एकेका घरांत ठराविक खूण लिहितें व लागलीच परत वाचून पाहतें. खूण जुळली तर पुढचें घर; न जुळली तर तीच आपली शीव. निरोगी यंत्रही मध्येंच थांबतें, कारण पुढें बेसिकच्या रॉमचें आवरण असतें. लिहिलेलें खालीं रॅममध्यें जातें, उत्तर मात्र वरच्या रॉममधून येतें. ती भूमि असून नसल्यासारखी.

जुन्या यंत्रांत ही स्मृति आठ चिपांत वांटलेली असे. प्रत्येक बाइटांतील एकेक बिट एकेका चिपेकडे. त्यामुळें एक चिप गेली कीं आठवा हिस्सा गेला असें होत नाहीं, सगळींच घरें बिघडतात. वीज पुरविणारा ठोकळा म्हातारा होऊन पांच व्होल्टांहून अधिक दाब सोडूं लागला म्हणजे चिपा जळतात, हा या यंत्रांचा प्रसिद्ध रोग. मग पुष्कळदां नुसता काळा पडदा दिसतो. परीक्षा घेण्याची कृति रॉममध्यें शाबूत असते. परंतु ती करतांना लागणारीं टिपणें त्याच बिघडलेल्या रॅममध्यें ठेवावीं लागतात. जाणते दुरुस्तीकार अशा वेळीं बाहेरून एक निराळें कार्ट्रिज लावतात. तें त्या रॅमवर विसंबत नाहीं. कोणती चिप गेली तें पडदा लुकलुकवून सांगतें.

घरांतील वृद्धास परवचा तोंडपाठ असतो, आणि आतां जेवलों हें आठवत नाहीं. तो पुन्हां ताट मागतो. "आत्तांच नाहीं का जेवलांत?" असें आपण चढ्या स्वरांत विचारतों, जणूं काय तो लबाडीच करीत आहे. पण ज्या स्मृतीनें आपला दोष तपासावयाचा तीच दोषी असेल, तर कबुलीची अपेक्षा कोणत्या न्यायानें करावी? खोटें बोलणें निराळें आणि खरें हातीं न लागणें निराळें. त्याचें मन राखण्यासाठीं "हो, वाढतें" म्हणून टाळीत राहणें हेंही आम्हांस पसंत नाहीं. त्यांत त्याला माणसांतून वजा केल्यासारखें होतें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं सून जेवण होतांच सासऱ्यांच्या हातून पाटीवर रेघ ओढवून घेते. पुन्हां ताट मागितलें कीं म्हणते, "मामंजी, ही रेघ कोणाची?" ते रेघ निरखून पाहतात. "हात माझाच दिसतो," म्हणतात. एखादे दिवशीं तेवढ्यानें समाधान होत नाहीं. तेव्हां ती मुकाट्यानें मूठभर भात वाढते आणि दुसरी रेघ ओढवून घेते.