हरणाऱ्या संघाची आशा धरावी काय?

म्हसळा येथील एका तरुण वाचकाने आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न केला आहे. प्रथमदर्शनी तो क्षुल्लक वाटेल. परंतु अधिक विचार करता तो क्षुल्लक नाही, असे आमच्या ध्यानात आले. हा बंधू तालुक्यातील इतर पुष्कळ तरुणांप्रमाणे नोकरीनिमित्त मुंबईस गेला, आणि तेथे त्यास फुटबॉलची गोडी लागली. कूपरेज मैदानावर ‘मुंबई एफ. सी.’ ह्या संघाचे सामने पाहावयास तो जात असे. हा संघ 2007 साली स्थापन झाला. आय-लीग ह्या राष्ट्रीय स्पर्धेत तो अनेक वर्षे खेळला, पण ती स्पर्धा त्याने एकदाही जिंकली नाही. अखेर 2016-17 च्या हंगामात दहा संघांत तो शेवटचा आला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला, आणि त्यानंतर बंदच पडला.

पत्रात तो लिहितो, “सुटीत घरी आलो की बाबा हसून विचारीत, ‘हरणाऱ्यांच्या मागे किती दिवस हिंडणार?’ मजजवळ उत्तर नसे. दर हंगामाच्या आरंभी मी आशा धरीत होतो. तो सद्गुण होता की मूर्खपणा, हे आपण सांगावे.”

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आशा व अंदाज ह्यांतील भेद पाहिला पाहिजे. बलाढ्य संघाच्या बाजूस उभा राहून जो म्हणतो, “आज आम्हीच जिंकू,” तो आशा धरीत नाही. तो हिशेब करितो. हिशेब करणे वाईट नव्हे. पण जेथे हिशेब संपतो तेथून पुढे आशेचे काम सुरू होते. पैज लावणारा तर दोहोंच्याही बाहेरचा होय. त्याचे मन संघावर नसून पैशावर असते, आणि संघ हरला की ज्या खेळाडूंची त्याने काल स्तुती केली, त्यांनाच तो आज शिव्या देतो.

दुसरा भेद आशा व भ्रम ह्यांतील. पंचाने पक्षपात केला, मैदान ओले होते, दैव फिरले, असे दर पराभवास नवे निमित्त शोधणारा मनुष्य आशावादी दिसतो खरा, पण तो सत्यास भितो. खरी आशा गुणतक्ता वाचावयास भीत नाही. आपला संघ तळाशी आहे, त्याची बचावाची फळी कच्ची आहे, समोरचे अकरा जण आपल्याहून सरस खेळले, हे सर्व कबूल करून जो पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर जातो, त्याचीच आशा खरी.

येथे कोणी म्हणेल की, धीर धरला म्हणजे शेवटी यश येतेच, असा उपदेश तुम्ही आता करणार. तसा दाखलाही हाताशी आहे. मिझोरमच्या ऐझॉल एफ. सी. ह्या लहानशा संघावर 2016 साली खालच्या श्रेणीत जाण्याची पाळी आली होती. गोव्यातील संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळे त्यास पुन्हा जागा मिळाली, आणि 30 एप्रिल 2017 रोजी तोच संघ आय-लीगचा विजेता झाला. ईशान्य भारतातील कोणत्याही संघास हा मान त्यापूर्वी मिळाला नव्हता. त्याचे प्रशिक्षक खालिद जमील हे होते. 2025 साली तेच भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. परंतु वाचकहो, ह्या गोष्टीची दुसरी बाजूही ऐका. हेच जमील 2016 पर्यंत अनेक वर्षे मुंबई एफ. सी.चे प्रशिक्षक होते. आणि ज्या हंगामात ऐझॉल पहिला आला, त्याच हंगामात मुंबई शेवटचा आला.

ऐझॉलच्या चाहत्यांनी आशा धरली, तशीच मुंबईच्या चाहत्यांनीही धरली. एकास चषक मिळाला. दुसऱ्याचा संघच नाहीसा झाला. आशा ही जर मजुरी असती, तर दुसऱ्याची फसवणूक झाली असे म्हणावे लागते. म्हणून यशाच्या वचनावर आशा उभी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिची किंमत अन्यत्र शोधली पाहिजे.

ती कोठे सापडते? मैदानावर वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा सोपा गोल चुकवितो. ह्या क्षणी त्यास आपल्या लोकांचा आवाज ऐकू येतो की रिकाम्या बाकांची शांतता, हे सर्वस्वी प्रेक्षकांच्या हाती असते. जिंकणाऱ्यास सोबती पुष्कळ. हरणाऱ्यास सोबत करणे हेच खरे काम. खेळात हे शिकलेला मनुष्य परीक्षेत नापास झालेल्या भावास टाकून बोलणार नाही, कर्जात बुडालेल्या शेजाऱ्याचे दार टाळणार नाही. ज्या शिक्षकाच्या रात्रशाळेत चारच मुले येतात, त्याने त्या चौघांसाठी दिवा लावणे, हीही ह्याच जातीची आशा होय.

संघच बंद पडला, तर मग काय करावे? दुःख करावे, त्यात लाज नाही. पराभवास कंटाळून संघ सोडणे निराळे, आणि संघच न उरल्यावर दुसऱ्याकडे वळणे निराळे. शहरातील मुंबई सिटी एफ. सी. हा संघ 2014 च्या पहिल्या हंगामात आठांत सातवा होता, आणि 2020-21 मध्ये त्याने इंडियन सुपर लीगची ढाल व चषक ही दोन्ही जिंकली. त्या विजयाचा आनंद सर्वांस झाला. पण सातव्या स्थानावरही जे येत राहिले होते, त्यांचा आनंद अधिक खोल असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आता ह्या बंधूच्या वडिलांविषयी दोन शब्द. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळ्याकडील वाड्या झोडपून काढल्या. पत्रात लिहिल्याप्रमाणे, त्यांची बहुतेक सर्व सुपारीची झाडे एका दिवसात आडवी झाली. पावसाळा सरण्यापूर्वीच त्यांनी नवी रोपे लावली. सुपारीचे रोप फळावर येण्यास पाच-सहा वर्षे व कित्येकदा अधिकही लागतात; मध्यंतरी दुसरे वादळ येणार नाही, अशी हमी त्यांना कोणीही दिली नव्हती. तरी ते पाणी घालीत राहिले. मुलगा लिहितो की, झाडे उंच झाली आहेत, पण पोय अद्याप बाहेर पडलेली नाही.

प्रिय बंधो, तुझे बाबा कष्ट करितात आणि तू केवळ पाहतोस, हे अंतर आम्ही विसरत नाही. त्यांच्या आशेत घाम आहे, तुझ्या आशेत तितका नाही. तथापि दोहोंचे मूळ एकच. पुढच्या सुटीत घरी जाशील, तेव्हा वाडीस पाणी घालताना त्यांच्या हातातील कळशी तू घे. मग त्यांनी तोच प्रश्न केला, तर उत्तर शोधण्यास तुला दूर जावे लागणार नाही.