न विचारलेला प्रश्न



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर नौदलात नोकरीला असलेल्या आपल्या एका तरुणाने आम्हांला दारातच गाठले. आपल्या लोणावळ्यात आयएनएस शिवाजीवर २०१९ पासून अण्वस्त्र, जैविक व रासायनिक हल्ल्यांपासून बचावाचे प्रशिक्षण देणारे 'अभेद्य' केंद्र आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्याचा प्रश्न सरळ होता : "फादर, बॉम्ब टाकायचाच नाही, नुसता धाक दाखवायचा, तर त्यात पाप कुठे?"

धाकाचे सर्वांत विलक्षण उदाहरण इस्राएलचे, आणि त्याच्या सावलीत आपली मराठी माणसेही राहतात. घाटाखालच्या पेण-अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे 'शनिवार तेली', १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्यांतली बरीच कुटुंबे वाळवंटातल्या दिमोना गावी वसली. त्या गावाजवळच फ्रान्सच्या मदतीने उभारलेली अणुभट्टी आहे. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिच्या तपासणीसाठी पत्रे लिहून तगादा लावला होता. पण १९६९ च्या सप्टेंबरात पंतप्रधान गोल्डा मायर अध्यक्ष निक्सन यांना भेटल्या, आणि पुढे बलाढ्य मित्राने विचारणे सोडले, छोट्या मित्राने सांगणे टाळले. आजवर इस्राएलने 'आमच्याकडे बॉम्ब आहे' असे अधिकृतपणे म्हटलेले नाही.

साठ लाख माणसे मारली गेलेल्या समाजाला 'मित्राच्या शब्दावर विसंबा' असे सांगायला आमची जीभ रेटत नाही. मित्राचे मन उद्या पालटले तर? तरीही धाक खरा ठरायला कुणीतरी बटण दाबायला तयार असावेच लागते. मनात धरलेल्या पापाबद्दल प्रभू येशूने डोंगरावर काय शिकवले, ते आपण जाणतोच.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली असा धाक एका अटीवर सहन केला होता : ती निःशस्त्रीकरणाकडे जाणारी पायरी असावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली हिरोशिमात अण्वस्त्रे बाळगणेही अनैतिक ठरवले. आम्हांला खटकते ते असे, की जे शस्त्र आहे असे कुणी म्हणतच नाही, ते खाली ठेवण्याची बोलणी कशी व्हायची? मित्राच्या मौनाने ती पायरीच काढून घेतली.

आपल्या देशाने १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर पहिला वार न करण्याचे धोरण उघड सांगितले. निदान इथे विचारता तरी येते. "मग आपण कधी विचारले का?" आम्ही त्या तरुणाला म्हटले.

"फादर, तुम्ही तरी प्रवचनात हा विषय कधी काढलात?"

काढला नव्हता.