गाठींचा व्यवहार

महिना-सव्वा महिन्याचं सोयाबीनचं रोप मातीसकट अलगद उपटलं, की मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी नखाने फोडून बघावी. आतून गुलाबी-लाल निघाली तर तिचं काम चालू आहे. हिरवट किंवा पांढुरकी निघाली तर नाही. हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला.

शेंगवर्गीय पिकांना हवेतला नायट्रोजन मिळतो तो या गाठींमधल्या जिवाणूंमुळे, हे हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८० च्या दशकात जर्मनीत दाखवून दिलं. १८८८ मध्ये हॉलंडच्या बेयरिंकने ते जिवाणू वेगळे काढून वाढवलेही. तेव्हापासून शाळेत एकच चित्र रंगवलं जातं: झाड साखर देतं, रायझोबियम (म्हणजे गाठीतला जिवाणू) नायट्रोजन देतो, दोघंही सुखी. मला ते जरा जास्तच गोड वाटतं.

नायट्रोजनचा रेणू फोडणं महाकष्टाचं काम. खत कारखान्यात त्यासाठी ४०० अंशांच्या आसपास तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतो, पण रेणूमागे निदान १६ एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून. हा खर्च झाडाच्या साखरेतून भागतो. त्यात आणखी एक पेच आहे. ज्या विकरामुळे हे घडतं ते ऑक्सिजनने निकामी होतं, आणि जिवाणूला श्वसनासाठी तर ऑक्सिजन हवाच. म्हणून झाडाचं लेगहिमोग्लोबिन तो मोजूनमापून पोचवतं. थोडक्यात, पाहुण्याच्या श्वासाची तोटी यजमानाच्या हातात.

आणि यजमान ती पिळतो. जीवशास्त्रज्ञ टोबी कायर्स आणि सहकाऱ्यांचा २००३ मधला प्रयोग यासाठी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवती नायट्रोजनऐवजी अरगॉन भरला. जिवाणू धडधाकट होते, पण त्यांना देण्यासारखं काही उरलं नाही. त्या गाठींमधला ऑक्सिजन घटला आणि जिवाणूंची संख्या इतर गाठींच्या तुलनेत जवळपास निम्मीच राहिली. इथे बिचाऱ्या जिवाणूंची काहीच चूक नव्हती. झाडाला कारणाशी देणंघेणं नसतं, हातात काय पडलं तेवढंच ते बघतं. वाटाणा तर याहून निष्ठुर. त्याच्या गाठीत कामाला लागलेले जिवाणू झाडाच्या प्रथिनांमुळे फुगतात आणि पुन्हा कधीच विभाजित होऊ शकत नाहीत.

मातीत आयता नायट्रोजन मुबलक असला तर झाड या भानगडीत फारसं पडतच नाही. युरियाचा हात सैल सुटला की गाठी कमी धरतात, त्या यामुळेच.

मात्र यजमानाची हुशारी उशिरा चालते. कोण कामसू आणि कोण ऐतखाऊ, हे त्याला आत घेण्यापूर्वी नीट ओळखता येत नाही. बीजप्रक्रियेला आपण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणू खत चोळतो. त्यातले जिवाणू नायट्रोजन देण्यात तरबेज म्हणून निवडलेले असतात. पण वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या रानात आधीपासून मुरलेले जिवाणूही असतात. संख्येने ते कितीतरी जास्त आणि त्या मातीला सरावलेले. ते नायट्रोजन बेताचाच देत असले, तरी बहुतेक गाठी तेच बळकावून बसतात. चोळलेल्या पाकिटाचा फरक मग पिकात दिसत नाही, आणि दोष पाकिटाला लागतो.