गाणे दर्याचे, हात आपले



नाशिकला समुद्र नाही. तरीही आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य हमखास असते. लग्नाच्या वरातीत कोळीगीत वाजू लागले की आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारेच हवेत वल्ही मारू लागतात. ‘मी डोलकर’ हे गीत तर बहुतेकांना पाठ आहे. पण डोलकर म्हणजे कोण, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले पिशवीसारखे मोठे जाळे. ते समुद्रात खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील आणि जवळा आत शिरतो. पाण्याची ओढ मंदावली की जाळे वर ओढायचे. ही मासेमारी करणारा तो डोलकर. मग ज्याने कधी जाळे ओढले नाही, त्याने त्याचे गाणे गावे का?

आम्हांला वाटते, अवश्य गावे. ते गीत लिहिणाऱ्या शान्ता शेळके यांचा जन्मही समुद्रापासून दूर इंदापूरचा. गाणे ही वाटून घेण्याचीच वस्तू आहे. परंतु दर्यावरची जुनी गाणी मुळात करमणुकीसाठी नव्हती. सर्वांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून एकाने बोल टाकायचा आणि बाकीच्यांनी साथ देत दोर ओढायचा, अशी ती रीत. युरोप-अमेरिकेच्या शिडाच्या जहाजांवरही हीच पद्धत होती. पुढे यंत्रे आली, दोर ओढणारे हात कमी झाले आणि गाणी तेवढी उरली. अशा गाण्यात नुसता ऐकणारा कोणी नव्हता. जो साथ देई, तो हातही देई.

आज ही गाणी सण-महोत्सवांत ऐकू येतात. वेसाव्याच्या कोळीवाड्यात 2006 साली सी-फूड महोत्सव सुरू झाला. तेथे कोळी भगिनी स्वतः मासळी रांधून विकतात आणि मंचावर कोळीगीते व नृत्ये होतात. उत्तन, गोराई, वसईच्या ख्रिस्ती कोळी बांधवांमध्ये मासेमारीचा हंगाम सुरू होताना धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात. आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांची नाती त्या किनाऱ्याशी आहेत. त्यामुळे अशा उत्सवांना आपले जाणे होते.

जाण्याचे दोन प्रकार आहेत. एक, हातात ताट आणि मोबाईल घेऊन पाहुणा म्हणून बसणे. दुसरा, “काय काम आहे?” असे विचारणे. खुर्च्या मांडणे, पाण्याचे पिंप भरणे, उष्टी ताटे उचलणे, रात्री मैदान झाडणे, अशी कामे कधीच संपत नाहीत. कोणी म्हणेल, दोन तास झाडू मारल्याने आपण कोळी होत नाही. खरे आहे. कोणी म्हणेल, कामात गाणे ऐकायचे राहून जाते. तेही खरे आहे. पण चुलीपाशी उभ्या असलेल्या त्या भगिनीचा विचार करा. गाणे तिच्या आजीचे, उत्सव तिच्या गावाचा. आणि ती मात्र ते आपल्यासाठी सुरमई तळता तळता पाठमोरी ऐकते! आपण ताटे वाढायला उभे राहिलो, तर तिला घटकाभर फेरात जाता येईल. स्वयंसेवकाच्या कामाचा खरा अर्थ हाच. ज्याचे गाणे आहे, त्याला ते गायला मोकळे करणे.

येथे मार्था आणि मरिया आठवतात (लूक 10:38-42). प्रभूने मरियेचा वाटा काढून घेतला नाही. पण तो चांगला वाटा मार्थालाही मिळायला नको का? आपण घटकाभर तिचे काम हाती घेतले, तर तीही प्रभूच्या चरणांशी बसू शकेल.

यासाठी किनाऱ्यापर्यंत जायलाच हवे असे नाही. आपल्या चर्चच्या सणालाही मांडवामागे भांडी घासणारे हात असतात आणि भजन त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येते. पुढच्या सणाला आपण त्यांच्याकडे जाऊन एवढेच म्हणूया, “तुम्ही बसा, आता आम्ही पाहतो.”